गुळव्याचं बोट

आता हसत सांगता येतं म्हणून सांगते. त्या हिवाळ्यात मला हसू सुचत नव्हतं.

आमचं गाव तेलगावपासून जवळच. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस आणि अधूनमधून कापूस. बहुतेकांचा ऊस कारखान्याला जातो, आमचा थोडा तिकडं आणि बाकीचा घरच्याच गुऱ्हाळाला. गुऱ्हाळ सासऱ्यांनी घातलं. आता ते आमचे हे चालवतात आणि गुळव्याही तेच आहेत. गुळव्या म्हणजे मोठ्या पसरट काहिलीत उकळणारा पाक नेमका कधी उतरवायचा ते ठरवणारा माणूस. जरा आधी उतरवला तर ढेप पाघळते, जरा उशीर झाला तर गूळ करपतो आणि अख्ख्या आधणाची, म्हणजे काहिलीभर रसाची, माती होते. हे ठरवायला ह्यांच्याकडं घड्याळ नाही की तापमापक नाही. उजव्या हाताचं बोट आणि अंगठा, एवढंच. पाक घट्ट व्हायला आला की ढवळायच्या दांड्यावरचा थोडा पाक ओल्या चिमटीत धरायचा, तार ओढून बघायची, मग त्याची गोळी वळून पाण्याच्या घमेल्याच्या कडेवर टाकायची. टण्णकन वाजली की हे नुसतं "हां" म्हणतात आणि चौघं मिळून काहील उतरवतात.

ह्या बोटाचा त्यांना भारी अभिमान. लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात मला त्यांनी आमचं घर दाखवलं नव्हतं इतक्या हौसेनं ही गोळी वाजवून दाखवली होती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली मास्तरीण, मला वाटलं होतं की नवरा काहीतरी बोलेल. पण ते सगळं बोलणं गुळाशीच.

गुऱ्हाळाचा एक नियम सासऱ्यांपासून चालत आलेला आहे. काहिलीपाशी साबण आणायचा नाही. साबणाचा हात पाकाला लागला तर गूळ नीट बसत नाही, वासही धरतो, असं ते सांगायचे. खरं खोटं देव जाणे, पण आमच्याकडं हंगामात रसाला हात लावणारा कुणीच साबण शिवत नाही. हे तर हंगामभर राहतातही तिथंच, खोपीत. आंघोळ हौदावर बिनसाबणाची. हात खराब झाले की काहिलीशेजारच्या त्या घमेल्यात बुडवायचे आणि धोतराला पुसायचे. मी निवृत्त झाल्यापासून रोज त्यांचा डबा घेऊन जाते, तेव्हा हे सगळं बघते आणि नाक मुरडते. तरी कधी काही म्हणाले नाही. जुना नियम आहे, आपण कशाला मोडा?

त्या वर्षी मार्गशीर्षात गावात तपासणीची गाडी आली. मारुतीच्या पारापाशी टेबल टाकलं, रक्तदाब बघायचे, बोटाला सुई टोचून साखर बघायचे. मी बळेच ह्यांना काहिलीवरून उठवून आणलं. ते येताना कुरकुरतच आले आणि खुर्चीत बसल्या बसल्या नर्सला म्हणाले, "लवकर बघा माय, आधण चढलंय." तिनं स्पिरिटचा बोळा फिरवला, सुई टोचली, पट्टीला थेंब लावला. मशीनवर आकडा आला. तो बघून तिनं माझ्याकडं बघितलं. "काका, जेवून आलात?" "न्हाई, अजून च्या बी घेतला न्हाई." मग ती कागदावर लिहायला लागली आणि मला कळलं की काहीतरी बिनसलंय. आकडा तीनशेच्या बराच वर होता.

माझ्या थोरल्या भावाचा पाय साखरेनं गेला. आधी एक बोट काळं पडलं, मग पंजा, मग गुडघ्याखाली काही उरलं नाही. दवाखान्यात त्याच्या उशाशी मीच बसलेली होते. म्हणून साखर म्हटलं की बाकीच्या बायकांना पथ्य आठवतं, मला ती रिकामी झालेली चादर आठवते.

दुसऱ्याच दिवशी माजलगावला डॉक्टरांकडं गेलो. भला माणूस. त्यांनी गोळ्या दिल्या आणि चिठ्ठीवर तपासणी लिहून दिली, हातातल्या शिरेतून रक्त घेऊन करायची. त्यातून गेल्या तीन महिन्यांत साखर साधारण किती होती तेही कळतं, म्हणाले. त्यासाठी सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये यायचं. आमचे हे मान डोलवून बाहेर आले आणि बसस्टँडवर म्हणाले, "सकाळचं पहिलं आधण काय तू उतरवणार हाय का? हंगाम संपू दे, मग काढू रक्त." मी भांडले, रुसले, एक दिवस डबा नेला नाही. उपयोग शून्य. पुढं डॉक्टर दर वेळी रिपोर्टचं विचारायचे आणि आम्ही दर वेळी पुढचा आठवडा सांगायचो.

मुलगा पुण्याला कंपनीत आहे. त्यानं कुरियरनं मशीन पाठवलं आणि फोनवर मला शिकवलं. "आई, मशीन तुझ्या मोबाईलला जोडलंय. तू फक्त सुई टोच आणि थेंब लाव. आकडा आपोआप मला इथं दिसेल आणि मी तो डॉक्टरांना पाठवत जाईन." मला ते फार आवडलं. बापाचा थेंब आमच्या शिवारात आणि आकडा पुण्यात. आकड्याला रंगही असायचा. साखर ताब्यात असली की हिरवा, जास्त असली की लाल. गुऱ्हाळावर रेंज फक्त चिपाडांच्या ढिगाशेजारी येते, म्हणून मी सुई टोचून झाली की मोबाईल घेऊन ढिगाशेजारी उभी राहायची. कामावरचे लोक म्हणायचे, बाई पुण्याला रक्त पाठवायल्यात.

पण आमचा आकडा हिरवा म्हणून कधी झाला नाही. रोज लाल. कधी तीनशे, कधी त्याच्याही वर. सकाळी उपाशीपोटी काढली तरी लाल. मोबाईल दर वेळी बारीक अक्षरांत विचारायचा, हात धुतले का. मी त्यांना विचारायची, "हात धुतले का हो?" ते घमेल्यात बोटं बुडवायचे, धोतराला पुसायचे आणि पुढं करायचे. "हे बघ, धुतले." वरून मी स्पिरिटचा बोळा फिरवायची. मी मास्तरीण, नियमात कसूर करणार नाही.

मुलगा वडिलांना दादा म्हणतो. तो रागावायचा. "दादा चोरून गूळ खातात का गं?" मी म्हणायची, गुळव्यानं गूळ चाखायचा नाही तर काय शेंगदाणे चाखायचे? तरी मी त्यांच्यावर पाळत ठेवायला लागले. घरातल्या चहातला गूळ बंद केला. भाकरीबरोबरची काकवी बंद केली. संक्रांतीला तिळगूळ घरी आला तो मी कपाटात कुलपाआड ठेवला. ते बिचारे ऐकायचे. खरंच ऐकायचे, आणि आकडा तरी लाल. मग मुलानं आकडे डॉक्टरांना पाठवले, डॉक्टरांनी फोनवरूनच गोळी वाढवली, तरी लाल, परत वाढवली.

एक दिवस मशीनच्या पिशवीची चेन उघडली तर आत मुंग्या. पट्टीच्या डबीवर, सुईवर, सगळीकडं. लघवीला मुंग्या लागल्या की साखर असते, हे आमच्याकडं पोरासोरांनाही माहीत. इथं तर रक्ताला लागल्या होत्या. मुलाला फोन करून सांगितलं तर त्यालाही ते पटलं. शिकलेला मुलगा, पण पटलं.

पौष सरता सरता ह्यांची तब्येत ढासळायला लागली. काहिलीवर उभे असताना घाम फुटायचा. आधी मला वाटलं, चुलवाणाची धग. पण घाम गार असायचा. हात थरथरायचे, चिडचिड करायचे. ज्या माणसाचा आवाज मी वर्षानुवर्षं ऐकला नव्हता तो मजुरांवर खेकसायला लागला. एकदा तर तार ओढताना पाक खाली सांडला. हात भाजला त्याचं त्यांना काही नव्हतं, तार तुटली ह्याचं दुःख होतं.

मग तो दिवस आला. मी डबा घेऊन पोचले तर हे खोपीच्या दाराशी भिंतीला टेकून बसलेले. सदरा घामानं चिंब, बोलताना जीभ जड. मी काय विचारते तेही त्यांना कळत नव्हतं. मी लगोलग मशीन काढलं. तीनशेच्या वर. मला एकच सुचलं. आकडा वर आहे, म्हणजे गोळी राहिली असणार. पिशवीतून गोळी काढली आणि पाणी आणायला वळले. परत बघते तर ह्यांनी हात लांबवून शेजारच्या मापातली काकवी वाटीत ओतून घेतलेली आणि वाटी तोंडाला लावलेली. मी धावले. वाटी ओढायला गेले तर त्यांनी माझा हात झटकला आणि सगळी पिऊन टाकली. मी ओरडले, "मरायचंय का तुम्हाला?" ते ओठ पुसत म्हणाले, "जीव मागत हुता."

थोड्या वेळानं ते उठून उभे राहिले. घाम वाळला. बोलणं सरळ झालं. म्हणाले, "आधण बघतो." मला कळेना की देवाचे आभार मानावेत की कपाळ बडवावं. साखरेचा पेशंट वाटीभर काकवी प्यायला आणि टुणकन उठला, हे कुठल्या शास्त्रात बसतं? गोळी माझ्या हातात तशीच होती. रागानं मी ती परत पाकिटात कोंबली.

संध्याकाळी मुलानं डॉक्टरांना व्हिडिओवर घेतलं. डॉक्टर म्हणाले, आता गोळ्यांचा उपयोग दिसत नाही. सोमवारी या, इन्सुलिनची इंजेक्शनं सुरू करू. आणि काका, उकळत्या काहिलीवर आता उभं राहायचं नाही, चक्कर आली तर पाकात पडाल. ह्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग मला म्हणाले, "सुई रोज टोच, मी काय म्हणत न्हाई. पर काहिलीवरून मला उठवू नको." असं ह्या माणसानं माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. मी दुसरीकडं तोंड केलं. घाटनांदूरला एक गुळव्या आहे, त्याला मुलानं फोनही केला. तो मंगळवारपासून यायला तयार होता.

रविवारी मी गेले तेव्हा हे शेवटचं आधण घेत असल्यासारखे काहिलीभोवती फिरत होते. मला बघून म्हणाले, "हे मशीन खोटं बोलायलंय."

"मशीन कावून खोटं बोलेल?" मीही चिडले की त्यांच्यासारखीच बोलते. "त्याला काय तुमच्याशी वैर आहे?"

"काकवी पिऊन मी बरा झालो. खरी शुगर असती तर आडवा झालो असतो. तू इथल्या समद्यांची काढ. बघू काय म्हणतंय."

मला वाटलं, हा शेवटचा दिवस आहे, मन राखावं. पहिला बसला तो रसावरची मळी काढणारा. धष्टपुष्ट पंचविशीतला, सकाळी तालमीत जाणारा. आकडा लाल. तो घाबरून म्हणाला, "बाई, माझं लगीन ठरलंय." मग ढेपा भरणारा बसला. लाल, ह्यांच्याहूनही वर. तो टोपी काढून हातात धरून बसला. मग मी स्वतःच्या बोटाला सुई टोचली. मला तर साखर असण्याचं कारण नव्हतं, गेल्या वर्षीच सगळं तपासलेलं. आल्या आल्या ताज्या गुळाचा खडा फोडून शेजारच्या पोरींसाठी कागदात बांधला होता, एवढंच. माझाही आकडा लाल.

मोबाईल घेऊन ढिगाशेजारी गेले तर लगेच पुण्याहून फोन. सगळे आकडे मुलाला वडिलांच्याच नावावर दिसत होते. "आई, काय चाललंय? दादांची शुगर एकदा खाली, एकदा वर..."

"ती त्यांची नाही रे. शेवटची माझी आहे."

"तुझी?" पोरगा रडकुंडीला आला. मलाही रडू फुटायच्या बेतात होतं. अख्ख्या गुऱ्हाळाला साखर. सर्दीसारखी हवेतून पसरते की काय असं वाटायला लागलं.

राहिला तो चुलवाणात चिपाडं घालणारा. साठीचा माणूस, आणि त्याला साखर आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. किती वर्षं सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणतो. मी म्हटलं, याचंही काय निघायचं ते निघू दे, आता काय राहिलंय. तो पुढं आला आणि स्वतःच्या हातांकडं बघून थबकला. काजळीनं कोपरापर्यंत काळे. म्हणाला, "थांबा बाई, तुमचं मशीन घाण हुईल." त्याचा रसाशी संबंध नसतो, म्हणून त्याला साबणाची बंदी नाही. हौदाच्या भिंतीत त्याची वडी असते. त्यानं घासघासून हात धुतले, फडक्याला पुसले आणि येऊन बसला.

आकडा हिरवा आला. आमच्या मशीनवर पहिल्यांदा हिरवा रंग दिसला. तो स्वतःच नाराज झाला. "बिघडलं वाटतं. माझी तर दवाखान्यात लई निघती."

मी त्याच्या हातांकडं बघत राहिले. नखांत काळं म्हणून उरलं नव्हतं. मग ह्यांच्या हाताकडं बघितलं. बोटांची टोकं उन्हात चकाकत होती. वर्षानुवर्षं चकाकत असतील, मी कधी बघितलंच नव्हतं. मी चारचौघांत ह्यांचा हात धरला, बोट वर केलं आणि जिभेला लावलं. मळी काढणाऱ्यानं लाजून तोंड फिरवलं. आमचे हे तर असे बघायला लागले जणू मला वेड लागलंय.

बोट गोड होतं. चाटून झालं तरी गोडच. मग मी त्यांच्या त्या घमेल्यात बोट बुडवून चाखलं. दिवसभर पाकाची बोटं त्यातच बुडवायची, त्यातच गोळ्या टाकायच्या. ते पाणी कसलं, पातळ सरबत होतं. त्यात धुतलेला हात मी रोज टोचत होते.

"साबणानं हात धुवा," मी म्हणाले.

"आधण चढलंय."

"मी सांगते ना, धुवा."

"उतरू दे. साबणाचा हात काहिलीला चालत न्हाई."

जगातला कुठलाही नवरा त्या क्षणी उठून हौदावर गेला असता. आमच्या ह्यांनी आधण उतरवलं. तार ओढली, गोळी वाजवली, "हां" म्हणाले, पाक गार करायच्या वाफ्यात ओतून घेतला आणि मगच त्या म्हाताऱ्याची वडी घेऊन हौदावर बसले. मी शेजारी उभी राहून त्यांना नखं घासायला लावली, पहिलीच्या पोरांना लावायची तशी. हात पुसायला माझा पदर दिला. मग टोचलं.

मशीन वेगळ्याच सुरात वाजलं. आकडा साठाच्या जवळपास, आणि रंग लालच. मला वाटलं हे काय नवीन. मी मोबाईल घेऊन ढिगाशेजारी पोचते न पोचते तोच फोन आला. मुलगा ओरडत होता. "आई, ही दादांची आहे का? शुगर उतरली आहे, फार उतरली आहे! त्यांना आधी गोड दे काहीतरी. आत्ताच्या आत्ता. गोड आहे का काही तिथं?"

मी भोवती बघितलं. वाफ्यात ऊन ऊन गूळ, ओळीनं रचलेल्या ढेपा, काकवीची मापं, घाण्याखाली रसाची बादली. महिनाभर ज्या पोरानं बापाला गुळाकडं बघू दिलं नव्हतं तो विचारत होता, गोड आहे का काही. मला जे हसू सुटलं ते आवरेना. हसता हसता मी चिपाडांच्या ढिगावरच बसले आणि रडायला लागले. म्हाताऱ्यानं ह्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. ह्यांनी तो तोंडात टाकला आणि लगेच म्हणाले, "हे आधण चांगलं बसतंय."

सोमवारी सकाळचं पहिलं आधण झालं नाही. सासऱ्यांच्या वेळेपासून हे पहिल्यांदा घडलं असेल. आम्ही पहाटेच्या बसनं माजलगावला गेलो, उपाशीपोटी. जायच्या आधी मी ह्यांना दोनदा साबणानं आंघोळ करायला लावली. शिरेतून रक्त घेणार होते, त्याला आंघोळ कशाला, हे मला वाटेत सुचलं. पण असू दे. रक्त दिलं, स्टँडवर पोहे खाल्ले, आणि रिपोर्ट मोबाईलवर येईल म्हणाले म्हणून दवाखान्याच्या बाकावर मोबाईल मांडीवर घेऊन बसलो. किती वेळ गेला ते मी बघितलं नाही. हे भिंतीवरचं पायांच्या जखमांचं चित्र बघत होते. मी त्यांना तिथून उठवून पलीकडच्या बाकावर बसवलं.

रिपोर्ट आला. मला त्यातले आकडे कळेनात, म्हणून तसाच डॉक्टरांपुढं धरला. त्यांनी चष्मा वर करून वाचला, परत वाचला, मग ह्यांच्याकडं बघितलं. "काका, तुम्हाला मधुमेह नाही. जरासा काठावर आहे, चालत जा, गूळ बेतानं चाखा. सगळ्या गोळ्या आजपासून बंद."

मी सगळी हकीकत सांगितली. बोट, घमेलं, साबणाची बंदी. डॉक्टर आधी हसले. "म्हणजे इतके दिवस आपण काकांची साखर नाही, गूळ मोजत होतो."

"पण मी दर वेळी स्पिरिट लावत होते हो."

"स्पिरिटनं जंतू मरतात बाई. गूळ मरत नाही, तो पाण्यानं आणि साबणानंच जातो." मग त्यांचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी विचारलं, "तो घामाचा, जीभ जड झाल्याचा दिवस. तेव्हा काय केलं होतं तुम्ही?"

मी सांगितलं. मशीनचा आकडा सांगितला. हातात गोळी घेतली होती ते सांगितलं. काकवी सांगितली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "त्या दिवशी साखर खाली गेली होती. माझ्याच गोळ्यांनी गेली होती. मी रिपोर्टसाठी अडून बसायला हवं होतं." मग म्हणाले, "वर अजून एक गोळी गेली असती, आणि काकवी पोटात गेली नसती, तर आज तुम्ही दोघं असे इथं बसला नसता."

खोलीत पंखा फिरत होता. आमचे हे गुडघ्यावर हात ठेवून बसले होते, स्वच्छ, पांढरे पडलेले हात. मी त्यांच्याकडं बघू शकले नाही. माझ्या ह्या हातांनी मी ती वाटी ओढायला गेले होते. पूर्ण जोर लावून ओढली होती. आमच्या संसारात त्यांच्या हट्टाला मी जेवढ्या शिव्या दिल्या असतील तेवढ्या देवानंही मोजल्या नसतील, आणि त्या दिवशी तो हट्ट जरा कमी पडला असता तर मी आज कुणाशी भांडत असते?

बाहेर आलो. ह्यांनी घाटनांदूरच्या गुळव्याला स्वतःच फोन लावला आणि येऊ नको म्हणून सांगितलं. आवाज इतका मोठा की आजूबाजूचे लोक बघायला लागले. मग बस मिळाली. खिडकीची जागा त्यांनी मला दिली. तेलगावचा फाटा जवळ आला, दोन्ही बाजूंना ऊस दिसायला लागला, तेव्हा कुठं मी त्यांच्याकडं वळले.

"अहो, त्या दिवशी मी वाटी सोडा म्हणत होते. तुम्ही माझं ऐकलं नाही, ते लई बरं केलंत."

ते समोर बघत होते. "कवा ऐकलंय?" म्हणाले, आणि माझा हात आपल्या हातात घेऊन बसले, भर बसमध्ये.